उद्योगनगरींतील विद्यास्थानें

ज्येष्ठ महिना लागला कीं आपल्या घराघरांतून एकच विषय सुरू होतो. पूर्वीं या दिवसांत पाऊस केव्हां येणार, बियाण्याची सोय झाली कीं नाहीं, अमक्याच्या मुलीचें कोठें जमलें, असें बोलणें चाले; आतां त्या जागीं महाविद्यालय येऊन बसलें आहे. गुणांचा कागद हातांत पडतो न पडतो तोंच आत्याबाई, मामा, शेजारचे निवृत्त मामलेदार आणि रोजचा दूधवाला यांपैकीं प्रत्येकापाशीं एकेका महाविद्यालयाचें नांव तयार असतें. ज्यानें तें महाविद्यालय स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे, असा मात्र त्यांत बहुधा एकही नसतो.

आमच्या वाईच्या घरींही गेल्या वर्षीं हेंच घडलें. कुटुंब एकत्र, पानावर बसणारीं माणसें बारा. माझ्या पुतण्याची मुलगी बारावी होऊन सी. ई. टी. च्या परीक्षेंत बरे गुण मिळवून बसली होती. उत्तम नव्हेत, पण बरे. तिला यंत्रशास्त्राची, म्हणजे मेकॅनिकलची शाखा हवी होती. घरांतील शिवणाचें यंत्र आणि विहिरीवरचा पंप हीं दोन्ही तिच्या हातून अनेकदां उघडलीं गेलीं आहेत, व बहुतेक वेळां पुन्हां नीट मिटलींही आहेत. पुतण्याचें म्हणणें असें कीं, मुलीनें संगणकाची शाखा घ्यावी. सावलींत बसून काम आणि पगार भरपूर. परंतु तिच्या गुणांवर संगणकाची जागा चांगल्या ठिकाणीं मिळण्यासारखी नव्हती. तेव्हां पिंपरीच्या बाजूच्या एका महाविद्यालयांत व्यवस्थापनाच्या वाट्याची जागा 'होऊं शकेल' असा निरोप कोणा मध्यस्थानें आणला, आणि तीसाठीं कृष्णाकांठची दीड एकर जमीन गहाण ठेवण्याची भाषा सुरू झाली. वहिनींस, म्हणजे मुलीच्या आजीस, मुलीनें लोखंड कापणेंही पटत नव्हतें आणि जमीन गहाण पडणेंही पटत नव्हतें. "भावोजी, तुमचा जन्म शाळेंत गेला. तुम्ही एकदां स्वतः जाऊन पाहून या, मग काय तें ठरवूं," असें त्या म्हणाल्या. नातीस बरोबर घेऊन मी निघालों.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल या प्रदेशाची ओळख फार चांगली करून देते. स्वारगेटहून पिंपरीस २०२४ पासून मेट्रो सरळ जाते व ती अधिक सुखाची आहे. येतांना आम्ही तिनेंच आलों. परंतु कांहीं अंतर भुयारांतून आणि पुढें उंचावरून जाणाऱ्या गाडींतून गांवांचीं छपरें दिसतात, दारें दिसत नाहींत. लोकल संगमाजवळ नदी ओलांडते, त्याच परिसरांत आपल्याकडील अभियांत्रिकी शिक्षणाचें मूळपीठ आहे. १८५४ सालीं सरकारी बांधकामखात्यास हाताखालचीं माणसें मिळावीं, एवढ्याच माफक हेतूनें येथें एक वर्ग निघाला. त्याचेंच पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज झालें. विश्वेश्वरय्या तेथूनच शिकून बाहेर पडले. आणि २०२२ सालीं त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या आजोबांच्या पिढीस निवडीचा त्रास फारसा नव्हता. पुण्यास जावयाचें तर डेक्कन नाहीं तर फर्ग्युसन, आणि वार लावून जेवावयाचें. घरें सात मिळालीं म्हणजे अर्धे शिक्षण झाल्यासारखें वाटे. आतां घरें मिळत नाहींत आणि महाविद्यालयें मात्र पाहिजेत तेवढीं मिळतात.

खडकीला दारूगोळ्याचा १८६९ सालचा कारखाना, दापोडीला एस. टी. ची कार्यशाळा, मग कासारवाडी, आणि मग पिंपरी. चिंचवड म्हटलें कीं आपल्याला मोरया गोसावींची समाधि आठवते, नाहीं तर चाफेकर बंधूंचा वाडा. त्या पवनाकांठच्या देवस्थानी गांवाशेजारच्या माळावर १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना आला आणि दुसऱ्या वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. त्याच्याच प्रयोगशाळेंत पुढें हॅमायसिन नांवाचें बुरशीनाशक औषध शोधलें गेलें. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. मग आकुर्डीस बजाजांच्या स्कूटरी आल्या, पिंपरीस टेल्को आली. १९७० सालीं नगरपालिका, १९७२ सालीं नवनगर प्राधिकरण, १९८२ सालीं महानगरपालिका, अशा वेगानें हें शहर वाढलें.

या इतिहासांतील एक गोष्ट आपल्या विषयाशीं अगदीं लागून आहे. सुमंत मुळगांवकर यांनीं टेल्कोचा पुण्याचा पसारा मांडला तेव्हां प्रथम यंत्रें व हत्यारें घडविण्याचा विभाग आणि उमेदवारांचें शिक्षण उभें केलें. मोटारी मागाहून आल्या. त्याहीपूर्वीं येथून जवळच तळेगांवास १९०८ सालीं पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला, तोही नुसती कांच विकण्यासाठीं नव्हता. तेथें शिकलेले कारागीर देशांत ठिकठिकाणीं जाऊन कांच करूं लागले. म्हणजे या टापूंत विद्या आणि भट्टी पूर्वीं एकाच छपराखालीं नांदत होत्या. १९८३ सालीं वसंतदादा पाटलांच्या सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर खाजगी महाविद्यालयांस मोकळीक दिली, तेव्हांपासून विद्येचें छप्पर वेगळें झालें. आज आकुर्डी, निगडी, पिंपरी, ताथवडे या बाजूंस महाविद्यालयांच्या पाट्या एकीजवळ एक लागल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या माहितीपत्रकांत 'उद्योगक्षेत्राच्या हृदयस्थानीं' हे शब्द आहेत. हृदयस्थानीं असल्यानें रक्त पोंचतेंच असें नाहीं, हें मात्र जाऊन पाहिल्यावर कळतें.

पहिल्यानें आम्हीं मध्यस्थाचें महाविद्यालय पाहिलें. प्रवेशद्वारीं संगमरवर, आंत गार हवा, भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचीं चित्रें व त्यांखालीं वर्षाचे पगार. स्वागतास बसलेल्या मुलीनें चहा दिला आणि 'सीट आजच ब्लॉक करा' असें तीनदां सांगितलें. मीं कार्यशाळा पाहूं द्या म्हटलें. कार्यशाळेस कुलूप होतें. किल्ली ज्यांच्यापाशीं, ते गृहस्थ प्रवेशाच्या कामावर होते. मंगळवारीं सकाळीं साडेअकरा वाजतां, वरच्या वर्गांचे प्रात्यक्षिकाचे तास वेळापत्रकांत लिहिलेले असतांना, कार्यशाळेस कुलूप! खिडकीच्या कांचेतून पाहिलें तर लेथांवर प्लास्टिकचीं आच्छादनें होतीं आणि त्यांवर धुळीचा थर होता. ग्रंथालयांत पुस्तकें होतीं. देवघेवीची वही मीं सहज उघडली, तींत मागच्या महिन्याचीं पानें जवळजवळ कोरीं. एका तरुण अध्यापकास विचारलें, "आपण येथें किती वर्षें आहां?" ते म्हणाले, "हें दुसरें. आमच्या विभागांत मीच जुना." गृहस्थ प्रामाणिक होता. शाळा ओळखावयाची तर मास्तरांची वर्षें मोजावीं, हा माझा जुना प्रघात. जेथें कोणी टिकत नाहीं तेथें मुलास ओळखणारा कोणी नसतो, आणि न ओळखणाऱ्यानें शिकविलेलें कानापर्यंतच जातें.

निगडीच्या बाजूस दुसरें एक महाविद्यालय पाहिलें. इमारत साधी, रंग एका बाजूनें उडालेला. येथें मात्र कार्यशाळेचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आंत मुलांमुलींचा एक जथा नळ्या जोडून एक उघडी गाडी तयार करीत होता. विद्यार्थ्यांनीं स्वतः गाडी बांधून खडकाळ वाटेनें पळवावयाची अशी 'बाजा' नांवाची स्पर्धा असते, तीसाठीं ती होती. जोडणारी एक मुलगी डोळ्यांवर काळा पडदा ओढून ठिणग्यांत वांकली होती. आमच्या नातीचे पाय तेथेंच खिळले.

कार्यशाळेचे निदेशक पन्नाशीचे, कारखान्यांत वीस वर्षें काढून शिकवावयास आलेले. त्यांनीं आम्हांस खुर्ची वगैरे कांहीं दिली नाहीं. नातीच्या हातांत एक पोलादी कांब व व्हर्नियर दिलें व व्यास विचारला. तिनें मोजून सांगितला. ते म्हणाले, "पुन्हां." तिनें पुन्हां मोजला, आंकडा निराळा आला. "कोणता खरा?" ती गप्प. त्यांनीं तिला कांब फिरवून तीन ठिकाणीं मोजावयास लाविलें, आणि कांब एका टोकाकडे किंचित् निमुळती आहे हें तिचें तिलाच कळूं दिलें. चाळीस वर्षें मीं लघुसिद्धांतकौमुदी आणि रूपावली शिकविली. मुलाचें उत्तर चुकलें असें न सांगतां त्याला पुन्हां रूप चालवावयास लावणें, याहून निराळी युक्ति मलाही कधीं सांपडली नाहीं. जातांना ते एवढेंच म्हणाले, "वेणी बांधून टोपींत, ओढणी नाहीं, बांगड्या नाहींत. बाकी मुलगा-मुलगी यंत्राला कळत नाहीं."

आतां थोडें कागदोपत्रीं. 'नॅक' ची श्रेणी संस्थेची असते; 'एनबीए' ची मान्यता एकेका शाखेची. पाटीवर पहिलीचीं अक्षरें मोठीं असतात, म्हणून आपल्या मुलाच्या शाखेस दुसरी आहे काय, व असल्यास कोणत्या वर्षापर्यंत, हें विचारून घ्यावें. शुल्क किती घ्यावें हें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें व प्रसिद्धही करितें. तो आंकडा आधीं घरीं पाहून मगच महाविद्यालयांत पाऊल टाकावें. पर्याय भरतांना मनांतला खरा क्रम लावावा. शेजाऱ्याच्या मुलानें कोणता लाविला हें पाहूं नये, कारण पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो. मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांस ठाऊक नाहीं, ती अशी कीं, जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणें माफ झालें आहे. आपल्या घरांपैकीं पुष्कळ घरें यांतील पहिल्या वर्गांत बसतात; फक्त प्रमाणपत्र वेळेवर काढलें पाहिजे. मात्र ही माफी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतून मिळालेल्या जागेस आहे. व्यवस्थापनाच्या वाट्यांतील जागेस नाहीं. म्हणजे पुतण्याच्या योजनेंत जमीन जाणार होती ती निव्वळ एका शब्दासाठीं, 'संगणक' या शब्दासाठीं.

संगणकाची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. ज्याचें मन तेथें आहे त्यानें तो अवश्य शिकावा. पण कुलूप लाविलेल्या घरांत नव्हे.

तिसऱ्या दिवशीं आम्ही चाकणास गेलों. चाकण म्हणजे संग्रामदुर्ग. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यानें तो छोटासा भुईकोट सुमारें दोन महिने झुंजविला. अखेर सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हां किल्ला पडला. आज किल्ल्याचे अवशेष थोडे उरले आहेत, आणि वेढा मात्र रोज पडतो, तो मालमोटारींचा. नाशिक रस्त्यावरील चौकांत आमचा पाऊण तास मोडला. पलीकडे महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या शिवारांत बजाज (१९९९), फोक्सवॅगन (२००९), मर्सिडीज, महिंद्र अशीं मोठीं नांवें आहेत. परंतु या नांवांमागें लहानलहान पत्र्याच्या शेडी शेंकड्यांनीं आहेत, आणि खरें काम पुष्कळसें तेथें होतें.

तशाच एका शेडींत माझा एक जुना विद्यार्थी देखरेखीचें काम पाहतो. संस्कृतांत तो कधींच पास झाला नाहीं. आय. टी. आय. केलें, मग नोकरी करीत पदविका, मग पदवी. अशी एकेक पायरी त्यानें चढली. पायांस हात लावून म्हणाला, "गुरुजी, खुर्ची पुसतों, तेल असतें." नातीचा बेत ऐकून तो मोकळेपणानें बोलला.

"ताई, आमच्याकडे पदवी घेऊन पोरं येतात. ड्रॉइंग समोर ठेवलं कीं निम्मीं गप्प होतात. जीं पोरं सुट्टींत एखाद्या शेडींत पडेल तें काम करून आलेलीं असतात तीं पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारतात. कॉलेज कोणतं हें मी तोंपर्यंत विचारलेलंही नसतं."

मीं विचारलें, "आणि भिंतीवर लावतात ते पगार?"

तो हंसला. "एका मुलाचा असतो, गुरुजी, बाकीच्या साठांचा लावीत नाहींत. ट्रेनी म्हणून घेतात, वर्ष-दोन वर्षांनीं कांहीं कायम होतात, कांहीं जातात. कंत्राटावर तर विचारूंच नका. ज्याला काम येतं तो इथून सुटला तरी शेजारच्या शेडींत लागतो."

मग त्यानें विजेच्या गाड्यांची गोष्ट काढली. इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या शेडींस आतां काळजी लागली आहे, कारण विजेच्या गाडींस त्यांतले पुष्कळ भाग लागतच नाहींत. आकुर्डीच्या ज्या कारखान्यांतील स्कूटरसाठीं आपण नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहिली, तेथील वाहनांचें उत्पादन २००७ सालीं थांबलें. त्याच आवारांत २०२२ सालीं विजेवर चालणारी चेतक तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. पंधरा वर्षांत जागा तीच, नांव तेंच, आणि आंतली विद्या निराळी. "म्हणून ताई," तो म्हणाला, "गणित आणि पदार्थविज्ञान पक्कं कर. मशीन आम्ही इथं शिकवूं."

निघतांना त्यानें नातीस शेडींत एक फेरी घडविली. पांच मुली मोजणीच्या टेबलाशीं होत्या आणि एक सी. एन. सी. यंत्रावर. ती सातारा जिल्ह्यांतलीच निघाली. दोघींचें काय बोलणें झालें तें मला कळलें नाहीं, पण परत येतांना नात बराच वेळ बोलली नाहीं, आणि मग म्हणाली, "आजोबा, ती म्हणाली, रात्रपाळीला कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते का तें आधीं विचार, पगार मग." मला हा प्रश्न सुचला नव्हता. मुलींच्या घरच्यांनीं तो वहींत पहिल्या ओळींत लिहून ठेवावा.

वाईस परत आल्यावर रात्रीं ओटीवर बैठक बसली. मीं पाहिलें तें सर्व सांगितलें. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही म्हणतां तें खरें, पण मुलीच्या जातीला हें निभेल काय?" तेव्हां मीं त्याच पिंपरीच्या टेल्कोची गोष्ट सांगितली. १९७४ च्या सुमारास बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनीं टेल्कोची एक जाहिरात वाचली. स्त्रियांनीं अर्ज करूं नये, अशी तींत सूचना होती. त्यांनीं थेट जे. आर. डी. टाटांस पोस्टकार्ड लिहून या भेदाबद्दल जाब विचारला. पुण्यास मुलाखतीचें बोलावणें आलें, नेमणूक झाली, आणि त्या टेल्कोंतील पहिल्या स्त्री-इंजिनियर ठरल्या. त्याच आजच्या सुधा मूर्ति. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यांत आतां मोटारींच्या जोडणीची एक आखी शाखा स्त्रिया चालवितात, सुमारें दीड हजार जणी. एका पोस्टकार्डाला तेव्हां किती पैसे पडत, असें वहिनींनीं मध्येंच विचारलें; मला सांगतां आलें नाहीं.

वहिनींची शंका निराळी होती. "राहील कोठें?" खरा प्रश्न तोच होता. वसतिगृह पाहिलें होतें तें स्वच्छ होतें, परंतु वर्षाचा खर्च मोठा, आणि शुल्कमाफींत तो येत नाहीं. माझी चुलत बहीण चिंचवडगांवांत राहते; तिच्याकडे राहून बसनें जाणें-येणें हाच मार्ग ठरला. मीं एकच अट घातली कीं, मुलीनें आत्याच्या घरीं 'पाहुणी' म्हणून राहावयाचें नाहीं, आणि आत्यानेंही तिला 'घरचीच' म्हणून संध्याकाळीं भाजी निवडावयास बसवावयाचें नाहीं. सात ते दहा तिच्या अभ्यासाचे. आपल्या घरांतून मुलींचें शिक्षण फीच्या पैशांअभावीं जेवढें बुडतें, तेवढेंच या संध्याकाळच्या तीन तासांअभावीं बुडतें, हें मीं शाळेंत जन्मभर पाहिलें आहे. बहिणीनें फोनवर, जरा रागावूनच, कबूल केलें.

पर्यायांच्या यादींत निगडीचें तें महाविद्यालय नातीनें पहिलें भरलें, आणि दुसऱ्या फेरींत तें मिळालें. जमीन आहे तशी आहे. तिच्यांत यंदा हळद आहे. पुतण्याचें मन पूर्ण वळलें आहे असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या मित्रांचीं मुलें संगणकाला आहेत, आणि त्यांच्या पगाराच्या गोष्टी तो अजून जेवतांना काढतो.

दसऱ्यास नात घरीं आली तेव्हां तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या आणि पिशवींत कापडांत गुंडाळलेला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा होता. कानशीनें घासून तो काटकोनांत आणावयास तिला तीन आठवडे लागले होते. गुण मिळाले दहापैकीं सहा. पाटीपूजनाच्या वेळीं पाटावर तिचीं पुस्तकें, धाकट्याची पाटी आणि माझी जुनी कौमुदी मांडली होती. वहिनींनीं तो तुकडा उचलून पाहिला, बोटानें कड चांचपली, आणि त्यावर हळदकुंकू वाहण्यासाठीं हात पुढें केला, तेव्हां नात ओरडली, "आजी, पाणी लावूं नकोस, गंजेल. सोमवारीं सरांकडे परत जमा करायचा आहे." मग पुतण्यानेंच उठून तेलाची बाटली आणली.